चिलखताचें माप

आपल्याकडे मुलांचे कपडे शिवावयास टाकतांना ‘वाढत्या अंगाचें माप घ्या’ असें शिंप्यास सांगण्याची जुनी चाल आहे. त्या सांगण्यांत काटकसर तर आहेच, पण तिच्याबरोबर एक श्रद्धाही आहे. मूल आज आहे तेवढेंच उद्यां राहणार नाहीं, सदऱ्याच्या आज लोंबणाऱ्या बाह्या पुढल्या वर्षीं मनगटाशीं बरोबर येतील, या भरंवशावर आईबाप आजचा गबाळेपणा आनंदानें पत्करतात. मुलाच्या बाबतींत ही रीत शहाणपणाची आहे, कारण वाढणें हा मुलाचा धर्मच होय. परंतु अंगाची वाढ थांबल्यावरही मनुष्य मनानें वाढत्या अंगाचेंच माप देत राहतो. आपण जे आहों त्याला साजेल असें न घेतां, आपण पुढें जे होऊं अशी आपली समजूत असते, त्याला साजेल असें घेतो. पुस्तकांच्या खरेदींत, घराच्या बांधणींत, नववर्षाच्या संकल्पांत हा प्रकार नित्य दृष्टीस पडतो. प्रौढ मनुष्यानें कांहीं नवें करावयास घेतलें असतां आपलें माप कोणतें द्यावें, हा प्रश्न दिसावयास लहान असला तरी नीतिशास्त्राच्या दृष्टीनें तो बराच खोल आहे, आणि त्याचाच विचार येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

असले प्रश्न नुसत्या तत्त्वांच्या भाषेंत चर्चिले म्हणजे हातीं शब्दच उरतात, असा आमचा अध्यापनांतील अनुभव आहे. म्हणून एक अगदीं स्थूल उदाहरण घेतों. बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकींत गोलरक्षकास जें साहित्य अंगावर चढवावें लागतें, तें एखाद्या चाळिशींतल्या नवख्या मनुष्यानें कसें निवडावें, हें तें उदाहरण होय. महाराष्ट्रांतील वाचकांस हा खेळ परका वाटेल, हें आम्ही जाणतों. आपल्या देशांत तो मुख्यतः लडाखांत, हिवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांवर, व थोडाफार हिमाचलांत खेळला जातो. तथापि कॅनडांत जाऊन राहिलेलीं मराठी कुटुंबें आतां थोडीं नाहींत, आणि त्या देशांत या खेळाचें स्थान आपल्याकडील क्रिकेटसारखें आहे. टोरांटो शहरीं स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें, मुलांना खेळावयास नेतां नेतां, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं स्वतः गोलरक्षक होण्याचें मनांत आणलें, आणि साहित्य घेण्यापूर्वीं आम्हांस एक लांबलचक पत्र पाठविलें. ‘सर, दुकानांत उभा राहिलों आणि तुमच्या नीतिशास्त्राच्या तासाची आठवण झाली,’ असें त्यांत एक वाक्य होतें. वाक्य थट्टेचें असलें तरी त्यांतील प्रश्न थट्टेचा नव्हता. त्याचीं पुढचीं पत्रें व त्या निमित्तानें केलेलें वाचन यांवरून पुढील विचार सुचले आहेत.

प्रथम त्या खेळांतील गोलरक्षकाची अवस्था कशी असते, तें सांगितलें पाहिजे. गोलाची चौकट सहा फूट रुंद व चार फूट उंच असते. चेंडूच्या जागीं कठीण रबराची, तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. तिचें वजन साडेपांच ते सहा औंस असून, ती फार उसळूं नये म्हणून मोठ्या सामन्यांत ती आधीं गोठवून ठेवतात. कसलेल्या खेळाडूनें मारलेली चकती ताशीं शंभर मैलांहूनही अधिक वेगानें येऊं शकते. इतर खेळाडूंस ती चुकविण्याची मोकळीक आहे. गोलरक्षकाचें मात्र ती अंगावर घेणें हेंच कर्तव्य. संकट येतांच शरीर आपल्या रक्षणासाठीं ज्या हालचाली आपोआप करतें, म्हणजे मान वळविणें, डोळे मिटणें, अंग चोरणें, त्याच नेमक्या त्यास वर्ज्य असतात. सबब त्यास चिलखत लागतें. पायांस घोट्यापासून मांडीपर्यंत पोंचणारे पॅड, छातीचें व दंडांचें कवच, एका हातांत चकती झेलण्याचा मोठा हातमोजा, काठी धरणाऱ्या दुसऱ्या हातावर ढालीसारखा चौकोनी ब्लॉकर, जाड अस्तराची रुंद विजार, जांघेचें कवच, गळपट्टा, मुखवटा, आणि पायांत लांब व सपाट पात्यांचे स्केट, इतका हा सरंजाम आहे.

इतकें अंगावर घालून उभा राहिलेला मनुष्य शूर म्हणावा कीं भित्रा, हा पहिला प्रश्न. आज तो हास्यास्पद वाटतो. परंतु एके काळीं त्यावर गंभीरपणें वाद झाला आहे. १९२७ सालीं कॅनडांतील क्वीन्स विद्यापीठाच्या एलिझाबेथ ग्रॅहॅम या विद्यार्थिनीनें तलवारबाजीच्या खेळांतील जाळीचा मुखवटा लावून गोलरक्षण केलें. १९३० सालीं क्लिंट बेनेडिक्ट या व्यावसायिक गोलरक्षकानें चेहऱ्यास दुखापत झाल्यावर कांहीं सामने कातड्याचा मुखवटा लावून पाहिला व पुढें तो सोडून दिला. त्यानंतर जवळ जवळ तीस वर्षें मोठमोठे गोलरक्षक उघड्या तोंडानें उभे राहत आणि टांके घालून घेत. १ नोव्हेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्क येथें मॉन्ट्रियलच्या संघाचा गोलरक्षक झाक प्लांत याच्या तोंडावर चकती बसली. टांके घालून झाल्यावर, मुखवटा असेल तरच मी परत जाईन, असें त्यानें निक्षून सांगितलें. संघाचे शिक्षक टो ब्लेक यांस तें मुळींच पसंत नव्हतें. तोंड झांकलें म्हणजे मनुष्याची सावधगिरी कमी होते, अशी त्या काळीं समजूत होती. पण संघाजवळ दुसरा गोलरक्षक नव्हता, म्हणून प्लांतचें चाललें. त्या हंगामाच्या शेवटीं, १९६० सालीं, त्याच मुखवट्याच्या गोलरक्षकासह मॉन्ट्रियलनें स्टॅनले चषक लागोपाठ पांचव्या वर्षीं जिंकला. नॅशनल हॉकी लीगमध्यें उघड्या तोंडानें खेळणारा शेवटचा गोलरक्षक अँडी ब्राउन हा १९७४ सालीं दिसेनासा झाला. म्हणजे प्लांतनंतरही ही गोष्ट सर्वांच्या गळीं उतरावयास पंधरा वर्षें लागलीं.

बोस्टनचा गोलरक्षक गेरी चीव्हर्स यानें या वादास आपल्यापरी एक उत्तर दिलें आहे. मुखवट्यावर जेथें जेथें चकती बसे तेथें तेथें तो टांक्यांच्या रेघा काढवून घेई. मुखवटा नसता तर हे टांके चेहऱ्यावर पडले असते, असा त्याचा अर्थ. तो मुखवटा पाहिल्यावर, त्यामागचा मनुष्य संकटापासून दूर राहिला होता, असें कोणास म्हणतां येईल? चिलखतानें संकट टळलें नव्हतें. त्याचा परिणाम तेवढा टळला होता, आणि मनुष्य दुसऱ्या दिवशीं पुनः त्याच जागीं उभा राहूं शकला होता. आपल्या इतिहासांत याहून मोठें उदाहरण आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजी महाराज अफझलखानास भेटावयास गेले, ते अंगरख्याखालीं चिलखत व मंदिलाखालीं लोखंडी टोप घालून गेले. त्यांच्या शौर्यास त्यामुळें कमीपणा आला, असें म्हणणारा मराठी मनुष्य आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. चिलखत घालून न जाणें व चिलखत घालून जाणें यांतील निवड ही भीति व धैर्य यांतील निवड नसते. जाण्याचा निश्चय आधींच झालेला असतो, आणि त्या निश्चयास शोभेल अशी तयारी करणें एवढेंच मागें उरतें.

प्रौढ मनुष्याच्या बाबतींत याला आणखी एक बाजू आहे. त्याचें शरीर हें त्याच्या एकट्याच्या मालकीचें राहिलेलें नसतें. त्यावर पत्नीचा, मुलांचा, म्हाताऱ्या आईबापांचा हक्क जडलेला असतो. २२ मार्च १९८९ रोजीं बफेलोचा गोलरक्षक क्लिंट मॅलार्चक याच्या गळ्यावरून दुसऱ्या खेळाडूच्या स्केटचें पातें फिरलें व मानेची मोठी शीर तुटली. संघाच्या परिचारकानें ती हातानें दाबून धरली म्हणून तो वांचला. २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं इंग्लंडांत शेफील्ड येथें नॉटिंगहॅमच्या संघाचा ॲडम जॉन्सन हा खेळाडू तशाच जखमेनें मरण पावला. तो गोलरक्षक नव्हता. परंतु पात्याला गोलरक्षक आणि इतर असा भेद कळत नाहीं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी संघानें आपल्या स्पर्धांत गळपट्टा सक्तीचा केला. ज्या वस्तूसाठीं एक मनुष्य मरावा लागला, ती वस्तु वीतभर कापडाची असते, आणि मान वळवावयास अडचण होते म्हणून पुष्कळ जण ती टाळीत होते. आमच्या विद्यार्थ्याच्या पत्नीनें ‘खेळायचं तर खेळा, पण गळपट्टा आधी घ्या’ अशी अट घातली होती. त्या अटींत नीतिशास्त्राचा एक संबंध अध्याय सामावलेला आहे.

येथवर चिलखताची बाजू आम्हीं मांडली. आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. संरक्षण चांगलें, तर मग जितकें मोठें तितकें चांगलें, असें कां न म्हणावें? गोलरक्षकाच्या साहित्याचा इतिहास हा बऱ्याच अंशीं याच युक्तिवादाचा इतिहास आहे. १८९६ सालीं विनिपेगच्या संघाचा गोलरक्षक व्हाइटी मेरिट हा स्टॅनले चषकाच्या सामन्यांत क्रिकेटचे पॅड बांधून उतरला. पुढें १९२० नंतरच्या दशकांत हॅमिल्टन गांवच्या एमिल केनेस्की नांवाच्या, घोड्यांचे सरंजाम शिवणाऱ्या, कारागिरानें कातड्याचे रुंद पॅड बनविले आणि क्रिकेटचे पॅड मागें पडले. रुंदी जशी वाढली तसा एक नवाच लाभ लक्षांत आला. पॅड पायाचें रक्षण तर करतातच, पण ते गोलाची जागाही अडवितात. मग पायाला इजा होऊं नये म्हणून किती रुंदी हवी, हा विचार मागें पडून, न हलतां किती जागा झांकतां येईल हा विचार पुढें आला. नॅशनल हॉकी लीगला २००५ सालीं पॅडांची रुंदी बारा इंचांवरून अकरा इंचांवर आणावी लागली, आणि २०१३ सालीं गुडघ्यावरील भागाची उंचीही प्रत्येकाच्या मांडीच्या प्रमाणांत बांधून द्यावी लागली. लीगच्या नियमाचा आशय असा आहे कीं, स्केट व काठी वगळतां गोलरक्षकाचें सर्व साहित्य केवळ डोक्याच्या व शरीराच्या रक्षणासाठीं असावें, गोल अडविण्यास त्याची गैरवाजवी मदत होऊं नये.

या नियमांत एक मार्मिक भेद सांगितला आहे. तीच वस्तु, तेंच कातडें, तोच भुसा. परंतु जोंवर ती शरीराच्या मापाची आहे तोंवर ती चिलखत, आणि शरीराचें माप सोडून ती बाहेर पसरली कीं ती लबाडी. न्याय व अन्याय यांमधील रेषा येथें अक्षरशः फूटपट्टीनें काढलेली आहे. आमच्या व्यवहारांतही असेंच नाहीं काय? अधिकाराचीं पदें, पदव्या, प्रतिष्ठा हीं सारीं आरंभीं काम करणाऱ्याच्या रक्षणासाठींच निर्माण झालेलीं असतात. न्यायाधीशास निर्भयपणें निकाल देतां यावा म्हणून त्याच्या आसनास प्रतिष्ठा दिलेली असते. पण तीच प्रतिष्ठा मनुष्याच्या मापाबाहेर पसरली कीं मनुष्य हालचाल करावयाचें सोडून नुसती जागा अडवून बसतो. अशा गोलरक्षकांची वाण आपल्या सभासंमेलनांत व संस्थांत कधींच पडलेली नाहीं.

आतां मापाचा मुख्य प्रश्न. पायांच्या पॅडांचें माप इंचांत सांगतात. ‘३४ अधिक १’ असा आंकडा असला तर पहिला मूळ लांबीचा व दुसरा मांडीकडील जादा उंचीचा. हा आंकडा पाहून, मनुष्याची उंची कळली म्हणजे काम भागलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाची नडगी लांब असते, दुसऱ्याची मांडी. शिवाय निरनिराळे कारखानदार माप निरनिराळ्या रीतीनें धरतात, त्यामुळें एकाचा चौतीस तो दुसऱ्याचा चौतीस नव्हे. पाहावयाचें तें इतकेंच कीं, गुडघा कोठें येतो. आजचा गोलरक्षक गुडघ्यांवर पडून पोटऱ्या दोन्ही बाजूंस पसरतो. फुलपाखराच्या पंखांवरून या पवित्र्याला नांव पडलें आहे. पॅडाच्या आंतल्या अंगास गुडघा टेकण्यासाठीं उशीसारखा एक ठोकळा असतो. पवित्रा घेतल्यावर गुडघा बरोबर त्या ठोकळ्यावर टेकला, तर पॅड मापाचा. पॅड लांब असला तर दोन्ही पॅडांचीं वरचीं टोकें एकमेकांवर आदळतात व मनुष्य अडखळतो. आंखूड असला तर मांड्यांमध्यें फट राहते, आणि गुडघा ठोकळा सोडून कठीण बर्फावर बसतो. म्हणून माप घ्यावयाचें तें पायांत स्केट घालूनच घ्यावयाचें. ते स्केटही साधारणपणें नेहमींच्या जोड्यापेक्षां एक ते दीड मापानें लहान लागतात. सैल बूट दुकानांत सुखाचा वाटतो, पण बर्फावर त्यांत पाऊल सरकूं लागतें.

छातीच्या कवचाचीही तीच गोष्ट. तें घालून आरशापुढें ताठ उभें राहिलें म्हणजे तें अंगाबरोबर बसलें आहेसें वाटतें. परंतु गोलरक्षक ताठ उभा कधींच राहत नाहीं. गुडघे वांकवावे, हात पुढें करावे, मग एकदम खालीं पडून पाहावें. त्या वेळीं कवच वर सरकून हनुवटीस लागतें काय, कोपरावरची गादी कोपरावरच राहते काय, मनगट आणि हातमोजा यांमध्यें उघडी जागा पडते काय, हें तपासावें. विजार घ्यावयाची ती या कवचाचा घेर हिशेबांत धरून. झेलण्याचा हातमोजा आपल्या बोटांच्या जोरानें मिटतो काय, हें पाहावें. आणि तो कोणत्या हातांत घालावयाचा तें शेजाऱ्याकडे पाहून न ठरवितां, कोणी अचानक कांहीं फेंकलें असतां आपला कोणता हात पुढें जातो, त्यावरून ठरवावें. मुखवटा डोक्याच्या घेराप्रमाणें घ्यावा, हनुवटी तिच्या वाटींत नीट बसावी, आणि मान झटकली तरी तो जागचा हलूं नये.

या सूचना दुकानदारीच्या वाटतील. परंतु त्यांत एक सामान्य सिद्धान्त आहे, आणि तो असा कीं, मनुष्याचें माप तो जें काम करणार त्या कामाच्या पवित्र्यांत घ्यावें. आरशापुढें ताठ उभें राहून घेतलेलें माप हें मनुष्याचें माप नसून त्याच्या ऐटीचें माप असतें. आपण स्वतःविषयीं जीं मतें बनवितों तीं बहुधा स्वस्थतेच्या वेळीं बनवितों. मी सोशिक आहें, मी निःस्पृह आहें, हें सारें ताठ उभें राहून ठरविलेलें असतें. गुडघे टेकावयाची वेळ आली म्हणजे कोठें फट पडते तें दिसतें. आणि शहाणा मनुष्य ती फट सामना सुरू होण्यापूर्वीं, दुकानांतच, शोधून काढतो.

ॲरिस्टॉटलनें सद्गुणाचा मध्य सांगतांना एक प्रसिद्ध दृष्टांत दिला आहे. दहा मापें अन्न फार व दोन थोडें, म्हणून तालमीचा वस्ताद सर्वांस सहा मापें देत नाहीं. मिलो नांवाच्या नामांकित मल्लास तीं अपुरीं, आणि तालमींत नुकत्याच आलेल्यास तीं फाजील. मध्य हा वस्तूचा नव्हे. आपल्या दृष्टीनें जो मध्य तोच खरा. पौढ नवख्यास दुकानांत जो मोह पडतो तो नेमका मिलोच्या ताटाचा. मोठे व्यावसायिक खेळाडू ‘मांजरडोळी’ जाळीचा मुखवटा वापरतात. तींत डोळ्यांपुढें दांड्या कमी असल्यानें नजर मोकळी राहते. परंतु तिच्या फटींतून काठीचें टोंक आंत शिरूं शकतें, म्हणून सुरक्षिततेची परीक्षा घेणाऱ्या संस्था तीस मान्यता देत नाहींत. व्यावसायिक तो धोका पत्करतो. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न एका क्षणाच्या नजरेवर अवलंबून असतो, आणि त्याच्याभोंवतीं काठ्या चालविणारेही कसलेले असतात. आठवड्यांतून एकदां, रात्रीं दहा वाजतां, दिवसभराची कचेरी आटोपून खेळणाऱ्याभोंवतीं त्याच्यासारखेच धडपडणारे नवखे असतात, आणि त्यांच्या काठ्या कोठें जातील याचा नेम त्यांचा त्यांनाही नसतो. त्यास मान्यताप्राप्त जाळीचाच मुखवटा योग्य. तसेंच, शंभर मैल वेगाच्या चकतीसाठीं केलेला ताठ हातमोजा त्याच्या बोटांनीं मिटतच नाहीं, आणि हातांत आलेली चकती पुनः बाहेर पडते. श्रेष्ठाचें साहित्य कनिष्ठाच्या हातीं श्रेष्ठ राहत नाहीं. बायबलांत दाविदाची कथा आहे. गल्याथाशीं लढावयास निघालेल्या त्या पोरास शौल राजानें आपलें चिलखत घातलें. पण तें घालून त्यास चालतां येईना, तेव्हां त्यानें तें उतरवून ठेवलें आणि हातास परिचित अशी गोफण उचलली. दाविदाचें यांतील मोठेपण आम्हांस असें वाटतें कीं, राजाच्या चिलखताला नको म्हणण्यास त्यास लाज वाटली नाहीं.

लाज हा शब्द आम्हीं जाणून वापरला आहे. मुलाच्या साहित्याची निवड आईबाप करतात, तेव्हां चुकीचें माप आलें तरी दोष त्याच्याकडे जात नाहीं. प्रौढास निवडणारा तोच, पैसे देणारा तोच व उघडा पडणारा तोच. नव्या कोऱ्या संपूर्ण सरंजामास कांहीं हजार डॉलर लागतात. अशा वेळीं पैसा कोठें घालावा यांतही मनुष्याची परीक्षा होते. सर्वांच्या नजरेंत भरतात ते पायांचे पॅड, त्यांवरील रंग, मुखवट्यावरील चित्रें. नजरेस न पडणारीं तीं जांघेचें कवच, गळपट्टा, छातीचें कवच, गुडघ्यांच्या आंतल्या गाद्या. जाणते लोक सांगतात तो क्रम उलटा आहे. मुखवटा, गळपट्टा, जांघेचें व छातीचें कवच यांवर प्रथम खर्च करावा. मुखवटा जुना घेऊं नये, कारण त्याची तडा बाहेरून दिसत नाहीं. पॅड मात्र दुसऱ्याचे वापरलेले, पट्टे व गुडघ्याच्या गाद्या तपासून, खुशाल घ्यावे. ज्याच्यावांचून प्राणास अपाय होईल तें आधीं, आणि ज्याच्यावांचून केवळ दिमाखास अपाय होईल तें मागाहून, इतका हा साधा क्रम आहे. आणि तो पाळतांना जड जातें, यावरून आपण प्राणापेक्षां दिमाखास किती जपतों तें कळून येतें. आमच्या विद्यार्थ्यानें शेवटीं एका सतरा वर्षांच्या मुलानें वापरून टाकलेले पॅड घेतले. दुसऱ्याच्या संघाच्या रंगांचे पॅड बांधून मैदानावर उतरतांना पहिल्या दिवशीं मन कचरलें, पण गुडघा मात्र बरोबर जागीं बसला, असें त्यानें लिहिलें आहे.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मनुष्यानें आजच्याच मापाचें घ्यावें म्हटलें, तर त्यानें पुढें वाढावयाचेंच नाहीं काय? हा उपदेश म्हणजे प्रौढांच्या पायांत घातलेली बेडीच नव्हे काय? आमच्या मतें येथें दोन प्रकारच्या वाढींचा घोटाळा होतो. मुलाचें अंग कपडा कसाही असला तरी वाढतें. सदरा सैल असला म्हणून त्याची उंची खुंटत नाहीं. प्रौढाची वाढ ही कौशल्याची वाढ असते, व ती साधनाच्या द्वारेंच होते. मापाबाहेरच्या पॅडांनीं तो चुकीचा पवित्रा शिकतो. न मिटणाऱ्या मोज्यानें त्याचा हात झेलावयास कधीं शिकतच नाहीं. तेव्हां आज बरोबर बसणारें साहित्य हें त्याच्या वाढीच्या आड येत नसून तीच त्याच्या वाढीची वाट आहे. तीन वर्षांनीं त्यास निराळें साहित्य लागेल. तें त्या वेळीं घ्यावें, आणि मागचें एखाद्या नवख्यास द्यावें. पुढचें माप आज कोणासच घेतां येत नाहीं, कारण तें अद्याप झालेलेंच नाहीं.

तरीही, माप बरोबर आलें म्हणजे सर्व झालें, असें कोणी समजूं नये. महाभारताच्या द्रोणपर्वांत, जयद्रथवधाच्या दिवशीं, द्रोणाचार्य दुर्योधनाच्या अंगावर मंत्रानें अभेद्य कवच बांधतात. अर्जुनाचे बाण त्यावरून निष्फळ होऊन पडूं लागतात. तेव्हां अर्जुन कृष्णास म्हणतो कीं, यास कवच अंगावर बाळगतां येतें, पण तें घालून काय करावयाचें तें यास ठाऊक नाहीं. मग तो कवचाबाहेर राहिलेल्या तळहातांवरच बाण सोडतो, आणि दुर्योधनास मागें सरावें लागतें. चिलखत दुसऱ्याकडून बांधून घेतां येतें. त्याची विद्या बांधून घेतां येत नाहीं.

याच्या उलट बाजूचें एक अलीकडील उदाहरण आहे. २२ फेब्रुवारी २०२० रोजीं टोरांटो येथें कॅरोलायनाच्या संघाचे दोन्ही गोलरक्षक एकाच सामन्यांत जायबंदी झाले. अशा प्रसंगासाठीं राखून ठेवलेला डेव्हिड एअर्स हा बेचाळीस वर्षांचा मनुष्य तेव्हां आंत उतरला. तो बर्फाच्या मैदानाची देखभाल करणारा नोकर होता, आणि २००४ सालीं त्याच्या आईनें त्यास आपलें एक मूत्रपिंड दिलें होतें. अंगावर त्याचें स्वतःचेंच नित्याचें साहित्य होतें. त्याच्यावर आलेल्या पहिल्या दोन्ही चकत्या गोलांत गेल्या. त्यापुढील आठही त्यानें अडविल्या, आणि कॅरोलायनानें तो सामना सहा विरुद्ध तीन असा जिंकला. या कथेंतील चमत्काराकडे लोकांचें लक्ष जातें, तें साहजिक आहे. आमचें लक्ष त्या पहिल्या दोन चकत्यांकडे जातें. जगांतील उत्तमांत उत्तम खेळाडूंपुढें, हजारों लोकांच्या देखत, दोनदां हार खाल्ल्यावर त्या मनुष्यास मागें सरावयास जागा नव्हती. मोठें माप देऊन तो तेथें आला नव्हता, म्हणून लहान ठरण्याची भीति त्यास अडवूं शकली नाहीं. तो आपल्या रोजच्या जोड्यांत, रोजच्या पवित्र्यांत तिसऱ्या चकतीची वाट पाहत उभा राहिला.

आमच्या वाचकांपैकीं बर्फावर उभे राहण्याचा प्रसंग फारच थोड्यांवर येईल. परंतु चाळिशी उलटल्यावर संस्कृत शिकूं म्हणणारे, सतारीस हात घालणारे, एखाद्या सार्वजनिक कामाचा भार पत्करणारे प्रत्येक घरीं एकादोघे तरी असतात, आणि ‘या वयांत आतां हें कशाला?’ हा प्रश्नही प्रत्येक घरीं ऐकूं येतो. त्या प्रश्नास भिऊन काम सोडूं नये, आणि त्यास उत्तर म्हणून मोठाल्या सरंजामाचें प्रदर्शनही मांडूं नये. आपला गुडघा कोठें टेकतो तें पाहावें, ज्यांचा आपल्या शरीरावर हक्क आहे त्यांच्या अटी मान्य कराव्या, उघडी राहणारी जागा आधीं झांकावी, आणि मग खुशाल उभें राहावें. पहिल्या एकदोन चकत्या गोलांत जावयाच्याच.